अप्रयासाचे अमृत

संगमनेरात नवीन नगर रस्त्याच्या अंगाला दातांचा एक दवाखाना आहे. त्याच्या बाहेरच्या दालनात, जेथे सुजलेल्या गालांची आणि धास्तावलेल्या मनांची सात-आठ माणसे एकमेकांची नजर चुकवीत बसलेली असतात, तेथे दिवसभर अगदी मंद स्वरात गिटार वाजत असते. एका श्रावणात दाढेच्या निमित्ताने मला त्या दालनाच्या चार वाऱ्या घडल्या. वाजविणारा कोण, चाल कुठली, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही, आणि ते वादनही आपल्याकडे कोणी लक्ष द्यावे असा आग्रह धरीत नाही. चौथ्या खेपेस माझ्या शेजारी अकोले तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी उपरण्याने गाल दाबून बसले होते. बराच वेळ भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकाकडे पाहून ते कंपाउंडरला म्हणाले, "दादा, हे मघाधरनं नुसतं वाजतंयच. गाणं कवा लागायचं?" कंपाउंडर म्हणाला, "बाबा, हेच गाणं." "आस्सं," म्हणून ते गप्प बसले, आणि थोड्या वेळाने, कोणीही विचारले नसता, आपणच म्हणाले, "पर ठणका जरा हटला बरं का."

जे गाणे म्हणून त्यांच्या हिशेबी जमेस धरण्याजोगे नव्हते, त्याने त्यांचा ठणका हटविला होता. हा लाभ त्यांना कसलाही श्रम न करता, किंबहुना आपण काही ऐकत आहोत याची पुरती जाणीवही नसता झाला. असा लाभ हा कल्याणाचा म्हणावा, की ज्याला आपल्या शास्त्रांनी निद्रा व आलस्य यांच्या पंगतीला बसविले त्या सुखाचाच तो एक प्रकार समजावा? एका दाढेच्या दुखण्यातून इतका मोठा प्रश्न उपस्थित करणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु मला तो टाळता आला नाही.

त्या संगीताला अमेरिकेत 'स्मूथ जॅझ' असे नाव आहे. ते नाव देण्यात वादकांपेक्षा रेडिओच्या व्यवसायाचा हात अधिक. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या एका नभोवाणी केंद्राने आपले सर्व प्रक्षेपण याच धाटणीच्या वादनाला वाहून टाकले आणि पाहता पाहता ती एक स्वतंत्र पेठ होऊन बसली. जाणत्या जॅझप्रेमींच्या तोंडी हे नाव बहुधा नाक मुरडूनच येते. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधू गेले असता आपली भाषा आपल्याला कात्रीत धरते. 'गुळगुळीत' म्हणावे तर निंदा झाली, 'नितळ' म्हणावे तर स्तुती झाली. मधला, तटस्थ शब्द काही सापडत नाही. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमाखाली उन्हाळ्यात जे गोटे उघडे पडतात ते गुळगुळीत असतात, आणि पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसल्यावर तेथलेच पाणी नितळ दिसते. गोट्याचा गुळगुळीतपणा हे कित्येक पावसाळ्यांच्या घर्षणाचे फळ होय, हे मात्र तो हाती घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

या वादनपरंपरेच्या मुळाशी जो पुरुष उभा आहे, त्याची हकिगत या प्रश्नाच्या दृष्टीने मोठी बोधक आहे. वेस माँटगोमेरी हा इंडियानापोलिस शहरी १९२३ साली जन्मला. वयाच्या विशीच्या सुमारास चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिका कानी पडून त्याला या वाद्याचे वेड लागले आणि त्या मुद्रिकांतील वादन त्याने केवळ श्रवणाने, आलापाच्या प्रत्येक वळणासह मुखोद्गत केले. स्वरलिपी त्याला अखेरपर्यंत वाचता येत नव्हती. पदरी मोठे कुटुंब, पुढे सात लेकरे. दिवसा कारखान्यात नोकरी करावी, रात्री गुत्त्यांतून वाजवावे आणि उरलेल्या वेळात घरी रियाज करावा, असा त्याचा क्रम होता. त्या काळचे बहुतेक जॅझवादक गिटारच्या तारा नखीने छेडीत, हा मात्र उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मांसल भागाने छेडू लागला. आणि त्याचे कारण असे सांगतात की रात्री-अपरात्री चालणाऱ्या या खटाटोपाने घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोपमोड होई, म्हणून आवाज मवाळ करण्याची ही तजवीज त्याने केली.

या कारणापाशी मी नेहमी थबकतो. ज्या मार्दवामुळे त्याच्या वादनाचे पुढे कोट्यवधींना आकर्षण वाटले, आणि ज्या मार्दवामुळेच त्याच्या अनुकरणाची अखेर दवाखान्यांच्या दालनांत रवानगी झाली, ते मार्दव कोणाला भुलविण्याच्या हेतूने जन्मलेले नाही. निजलेल्या माणसाविषयीची ती भीड होती. तिच्यावर त्याने आणखी एक कौशल्य चढविले: एकच स्वर खालच्या व वरच्या अशा दोन सप्तकांत एकाच वेळी उमटवायचा, मधली तार डाव्या हाताच्या बोटाच्या स्पर्शाने मुकी ठेवायची, आणि अशा जोडस्वरांनी एकेक स्वर नव्हे तर संपूर्ण आलाप द्रुत लयीत विणावयाचा. ज्यांनी गिटार हाती धरली आहे त्यांना हे किती दुष्कर आहे ते समजते. ऐकणाऱ्याला वाटते की दोन मित्र एकाच वाटेने बोलत चालले आहेत.

१९६० च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेमुळे जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. परंतु जाणकारांच्या डोक्यावर बसून सात मुलांचे पोट भरत नाही. शिवाय ज्या कंपनीसाठी तो वाजवी तिचे १९६४ साली दिवाळे वाजले. त्यानंतर क्रीड टेलर या निर्मात्याच्या सल्ल्याने त्याने लोकप्रिय गीतांच्या चाली, व्हायोलिनांच्या मोठ्या ताफ्याच्या साथीने, आलाप आखडते घेऊन वाजविण्यास प्रारंभ केला. १९६७ साली बीटल्सच्या गीतावरून नाव घेतलेली त्याची मुद्रिका अमाप खपली, आणि पुढल्याच वर्षी, १५ जून १९६८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. समृद्धी भोगावयास त्याला धड दोन वर्षेही मिळाली नाहीत. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनी या अखेरच्या मुद्रिकांविषयी जी फिर्याद गुदरली ती आजतागायत निकालात निघालेली नाही. पुढे जॉर्ज बेन्सनने १९७६ साली याच वाटेवरून जाऊन अपूर्व यश संपादिले, तेव्हा तीच फिर्याद नव्या प्रतिवादीवर लागू झाली. तिचा मजकूर एवढाच, की याने श्रेयस् सोडून प्रेयस् पत्करले.

हे शब्द मी कठोपनिषदातून घेतले आहेत. आणि तेथील प्रसंग असा आहे की त्यात संगीताचा उल्लेख अगदी अडचणीच्या जागी येतो. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी तिष्ठलेला नचिकेता मरणानंतर काय उरते असे विचारतो. यम त्याला शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सुवर्ण, भूमी देऊ करतो आणि अखेरीस मर्त्यांना दुर्लभ अशा, रथांत बसलेल्या, वाद्ये घेतलेल्या सुंदरी देऊ करतो. तो मुलगा, तुझे रथ तुझ्यापाशी राहू देत, तुझे नृत्यगीतही तुझ्यापाशीच राहू दे, असे म्हणून ते सारे परत करतो. त्यानंतरच यम त्याला श्रेय, म्हणजे कल्याणाचे, आणि प्रेय, म्हणजे केवळ आवडीचे, यांतील भेद सांगावयास बसतो. संगीताकडे साशंकतेने पाहणारा जो एक प्रवाह आपल्याकडे आहे, त्याला याहून जुना आणि याहून भक्कम दाखला मिळणे कठीण.

परंतु हा दाखला नीट वाचला पाहिजे. यमाने देऊ केलेले गीत अग्राह्य ठरले ते गीत म्हणून काय? तसे असते तर सामगायनाचीही तीच वाट लागली असती. ते अग्राह्य ठरले, कारण ते उत्तराच्या जागी दिले जात होते. मुलाने विचारले एक आणि त्याच्या हाती ठेवले जात होते दुसरे. त्या व्यवहारात घोडे आणि सुवर्ण यांची जी योग्यता तीच वीणेची. हीच कथा आरंभी ज्या प्रसंगाने उघडते तो तर मला याहूनही मार्मिक वाटतो. नचिकेत्याचा पिता यज्ञात सर्वस्व दान करावयास निघालेला आणि दान करीत होता त्या गाई कशा, तर शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. मुलाला चीड आली ती तेथे. तेव्हा या उपनिषदात दोन प्रकारचे अप्रामाणिक दान आहे: एक उत्तराऐवजी दिलेले सुख, आणि दुसरी आटलेली गाय. गोड वाजविणाऱ्यावर फिर्याद करावयाचीच असेल तर ती या दोहोंपैकी एका कलमाखाली केली पाहिजे. गोडपणा हा स्वतंत्र गुन्हा कोठे नमूद झालेला माझ्या पाहण्यात नाही.

दवाखान्यातील ते वादन पहिल्या कलमात बसते, हे मी कबूल करतो. तेथे माणसे यमाच्या नव्हे तरी यमदूताच्या दारी तिष्ठत असतात, त्यांच्या मनात 'पुढे काय' हाच प्रश्न असतो, आणि त्यांना देण्यात येते ती गिटार. पण प्रश्नकर्त्याचे वय आणि अधिकार पाहून उत्तर द्यावे ही रीतही आपलीच आहे. ठणकणाऱ्या दाढेला आत्मविद्या कोणी सांगू नये.

आता गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे वळू. तेथे सुखाचे तीन वर्ग केले आहेत. जे आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. जे आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ते राजस. आणि जे निद्रा, आलस्य व प्रमाद यांतून उपजून आरंभीही मोह पाडते आणि शेवटीही, ते तामस. या वर्गीकरणाची शिस्त इतकी चोख आहे की कित्येक वर्षे त्यात काही उणे असेल अशी शंका मला शिवली नाही. त्या श्रावणात ती प्रथम शिवली. गीता ज्या सुखाविषयी बोलते ते एका माणसाचे सुख आहे. विष ज्याने प्यावे त्यालाच पुढे अमृत मिळावे, किंवा अमृत ज्याने चाखले त्यालाच पुढे विष भोवावे, हा तेथे गृहीत धरलेला जमाखर्च आहे. कलेच्या व्यवहारात मात्र खातेदार दोन. कारखान्यातून थकून आलेल्या माणसाने शेजाऱ्यांची झोप सांभाळीत अर्ध्या रात्रीपर्यंत जे विष पचविले, त्याचे अमृत अर्धशतकानंतर अकोल्याच्या शेतकऱ्याला मिळाले. या सुखाची नोंद कोणत्या सदरात करावयाची? वादकाच्या खात्यावर ते सात्त्विक आहे यात वाद नाही. ऐकणाऱ्याच्या खात्यावर विष कोठेच नाही. आरंभीही अमृत, आणि शेवटीही, फार तर, थोडी गुंगी.

यावर अलंकारशास्त्राचे उत्तर तयार आहे. अभिनवगुप्ताचा 'सहृदय' हा कोणी वाटेवरचा मनुष्य नव्हे. काव्याच्या नित्य परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असाच तो हवा. म्हणजे आस्वादकानेही आपला वाटा आधी भरलेला असतो, आणि रसात जी विश्रांती मिळते ती त्याने कमाविलेली असते. हे उत्तर मला पटते, परंतु ते पुरत नाही. ते उत्तम श्रोत्याचे वर्णन करते. इतरांना मात्र दाराबाहेर ठेवते. त्या शेतकऱ्याचा कान आयुष्यभर भजनाच्या शब्दांवर घडलेला, म्हणूनच शब्द नसलेल्या वादनात तो गाण्याची वाट पाहत राहिला. या वाद्याच्या बाबतीत त्याने काहीही कमाविलेले नव्हते. ठणका तरीही हटला.

याज्ञवल्क्य स्मृतीत यतिधर्माच्या प्रकरणात, म्हणजे जेथे वीणेचे नाव निघेल अशी कोणाची अपेक्षाही नसावी तेथे, एक विलक्षण विधान आहे: वीणावादनाचे तत्त्व जाणणारा, श्रुती व जाती यांत निष्णात आणि तालज्ञ असा पुरुष मोक्षमार्गाला अप्रयासाने जातो. नचिकेत्याने परत केलेली वीणा याज्ञवल्क्याने संन्याशाच्या हाती आणून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. या 'अप्रयासाने' शब्दावर भाळून अनेकांनी संगीताच्या मार्गाला सोपेपणाची सनद दिली. पण वाक्याची घडण पाहा: तत्त्व जाणणारा, निष्णात, तालज्ञ. सारे श्रम विशेषणांत कोंडलेले आहेत आणि अप्रयास तेवढा क्रियाविशेषणात आहे. माँटगोमेरीच्या अंगठ्याविषयी याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. श्रोत्याविषयी मात्र याज्ञवल्क्यही मौन पाळतो.

या वाद्याचा आपल्या मुलुखाशी असलेला संबंध सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली मुले मुंबईत धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे गोमंतकीयांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहत आणि बड्या हॉटेलांच्या नाचघरांत, जेवणाऱ्यांच्या व नाचणाऱ्यांच्या सोयीने, वाजवीत. तेथे ऐकणे हा कोणाचाच मुख्य उद्योग नसे. अशाच एका गोमंतकीय कुटुंबात १९३६ साली मुंबईत जन्मलेला अमान्सिओ डिसिल्वा हा आपल्याकडचा पहिल्या प्रतीचा जॅझ गिटारवादक. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याचे वादन ऐकून त्याला गिब्सन गिटार दिली असे सांगतात. त्याच्या एका रचनेचे नाव 'महाराणी' आहे आणि दुसरीचे 'जयपूर'. साठोत्तरी दशकात तो लंडनला गेला आणि १९६९ साली तेथे त्याच्या दोन मुद्रिका निघाल्या, पैकी दुसरी जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाच्या जोडीने. तिचे नाव 'हम दोनो'.

डिसिल्वाला 'स्मूथ' म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या स्वरात खडे आहेत, आणि ते त्याने मुद्दाम राहू दिले आहेत. म्हणूनच त्याचे उदाहरण मला उलट बाजूने उपयोगी पडते. जेवणाऱ्यांची पर्वा सोडून त्याने ऐकणाऱ्यांसाठी वाजविले आणि ऐकणारे थोडे निघाले. १९७२ मधील त्याचे 'कोंकण डान्स' नावाचे ध्वनिमुद्रण त्याच्या हयातीत बाहेरच पडले नाही. १९९६ साली तो वारला आणि त्यानंतर दहा वर्षांनी ते लोकांपुढे आले. माझ्या आवडीचा कौल कोणी मागितला तर तो बिनदिक्कत डिसिल्वाच्या बाजूला आहे. पण प्रवरेकाठच्या एका दालनात ठणका हटवावयाचा असता 'हम दोनो' लावून चालणार नाही, हेही मला कबूल केले पाहिजे. ती मुद्रिका माणसाला जागे करते. आणि दूध तर दोन्ही गाईंना आहे. दुसऱ्या कलमाखालील आरोप, आटलेल्या गाईचा, या दोघांवरही शाबीत होत नाही. माँटगोमेरीच्या अखेरच्या मुद्रिकांतही, व्हायोलिनांच्या साखरेखाली, तो अंगठा चुकत नाही. ज्यांच्या गाई खरोखरच आटलेल्या आहेत असे त्याचे अनुकरणकर्ते पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे सांगावी इतकीही त्यांची आठवण राहत नाही.

हा कज्जा ऐकताना मला राहून राहून गावचाच एक पुरुष आठवतो. कवी अनंत फंदी संगमनेरचा, १७४४ चा जन्म, आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या मुसलमान फकिराशी त्याची जोडी जमली, दोघांनी तमाशाचा फड उभा केला, आणि त्या सोबत्यापायी यजुर्वेदी ब्राह्मणाचा हा मुलगा घोलपाचा फंदी झाला. लोकांना जे हवे ते तो देत असे. त्याच्या डफावर पेशवाईतील पेठाच्या पेठा लोटत. आख्यायिका अशी की अहिल्याबाई होळकरांनी त्याचे कवित्व पाहून, ही देणगी तमाशात खर्चू नये, असा त्याला बोध केला. त्याने फड सोडला आणि तो कीर्तन करू लागला. बाईंचे देहावसान १७९५ मधले, तेव्हा आख्यायिका खरी धरल्यास उपदेश त्यापूर्वीचा. आणि फंदीचा अंत १८१९ चा. म्हणजे निदान दोन तपे तो कीर्तनकार होता. त्याच सुमारास सवाई माधवरावाच्या अकाली मृत्यूवर त्याने 'माधवनिधन' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. लावणीने सुखविणारा माणूस मरणाविषयी बोलू लागला.

ही गोष्ट प्रेयाकडून श्रेयाकडे झालेल्या प्रवासाचा नमुना म्हणून सांगण्याची वहिवाट आहे. मला तीत एक निराळी गोष्ट दिसते. फड सुटला तरी गळा तोच राहिला. कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात आख्यान लावताना, पेंगणाऱ्या श्रोत्याला चालीच्या एका झटक्यासरशी जागे कसे करावे, कोठे ताल सैल सोडावा, कोठे शब्द धरून ठेवावा, ही सारी विद्या त्याने डफावर कमाविलेली होती. बाईंनी दिला तो उपदेश, कला त्यांनी दिली नव्हती. आणि त्याचा जो फटका शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या कानावरून गेला आहे त्याचेच पाहा. उपदेश इतका रोखठोक की सरळ गद्यात सांगितला असता तर ऐकणारा उठून गेला असता. चाल मात्र अशी की ती त्याचे पाय धरून ठेवते. मुले अर्थ कळण्यापूर्वी ती चाल म्हणतात. विनाश्रम आत शिरलेला तो उपदेश पुढे कित्येक वर्षांनी, एखाद्या आडवाटेला लागण्याच्या क्षणी, आपला श्रम वसूल करतो की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक. गीतेच्या जमाखर्चात मला न सापडलेले विष कदाचित अशा उधारीच्या रूपाने लिहिले जात असेल.

त्या शेतकऱ्यांना आत बोलावले तेव्हा गिटार चालूच होती. उठताना ते क्षणभर थांबले, आणि हे वाजविणारा माणूस कुठला, म्हणून त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, अमेरिकेचा, आता नाही तो. "पोटापाण्यासाठी वाजवीत आसंल," ते म्हणाले. मी होय म्हणालो. त्यांनी मान हलविली ती नापसंतीची खास नव्हती.

संगमनेरात दरवर्षी व्याख्यानमाला भरते. गंभीर चेहऱ्याचे विद्वान दुरून येतात, गंभीर विषयांवर बोलतात, आणि गाव थंडीत शाली पांघरून ऐकतो. ती व्याख्यानमाला अनंत घोलप या कीर्तनकाराच्या नावाने चालत नाही. फलकावर अजून एका फकिराच्या सोबतीने फड गाजविणाऱ्या माणसाचेच नाव असते: कवी अनंत फंदी.